शीग मोडलेला संबळ : डीजे, मास्टरिंग आणि खोऱ्यातला आवाज

(बोलण्यातले ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युली’ आणि मध्येच भुंकलेलं कुत्रं एवढं गाळलं आहे. बाकी मजकूर बोललो तसाच, थोडा नीटनेटका करून.)

आजचा भाग गुंजवण्यातून. चोर दरवाज्याच्या वाटेनं राजगडावर गेला असाल तर आमचं गाव तुम्ही बघितलंच असेल. गाडी लावायची, चहा घ्यायचा आणि वर निघायचं. बहुतेकांना गाव एवढंच माहीत असतं. आज गडाबद्दल बोलणार नाही, पण सुरुवात गडावरूनच करतो.

दोन वर्षांपूर्वी पद्मावती माचीवर मुक्काम होता. खाली खोऱ्यात कुणाची तरी हळद होती आणि डीजे लावलेला. वर माचीवर काय ऐकू येत होतं? गाणं नाही, शब्द नाहीत, चालही नाही. फक्त धप्, धप्, धप्. सोबतचा पुण्याचा पाहुणा म्हणाला, “तुमच्याकडे टेक्नो लावतात की काय?” मी हसलो, पण त्याचं काही चुकलं नव्हतं. इतक्या लांबून कुठलंही गाणं टेक्नोच ऐकू येतं.

याचं कारण साधं आहे. ५० हर्ट्‌झचा, म्हणजे छातीत बसणाऱ्या बेसचा, एक तरंग जवळजवळ सात मीटर लांब असतो. घर, झाड, गोठा आडवा आला तरी तो वळसा घालून पुढे जातो. १०,००० हर्ट्‌झचा, म्हणजे झांजेच्या किणकिणीचा, तरंग जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचा. तो भिंतीला अडतो, पानांत विरतो आणि हवाही त्याला शोषून घेते. त्यामुळे लांबून आधी झांज जाते, मग शब्द जातात आणि शेवटी उरतो तो बेस. डोंगरानं वेढलेल्या खोऱ्यात तो समोरच्या कड्यावर आपटून परतही येतो. आमच्या घराचे पत्रे थरथरतात तेव्हा गाणं कुठलं हे आईला कळत नाही, पण लग्न कुठल्या वाडीला आहे ते बरोबर कळतं.

तर विषय हा, की इलेक्ट्रॉनिक संगीत म्हटलं की आपल्याला गोवा, परदेशी डीजे, महागडी तिकिटं आठवतात. आणि गावातला डीजे म्हटला की ‘दणदणाट’ हा एकच शब्द. माझं मत असं आहे, पटलं नाही तर सोडून द्या, की महाराष्ट्रात इलेक्ट्रॉनिक संगीताचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात अस्सल अड्डा म्हणजे हीच पिकअपवर लादलेली भिंत. फक्त ती वाईट वाजते. ती मोठ्यानं वाजते ही तक्रार वेगळी. तिच्यावर वाजणारं गाणं घरातून निघतानाच फाटलेलं असतं, ही माझी तक्रार आहे.

आधी थोडं मागे जाऊ. १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग नावाच्या वादकानं एक रेकॉर्ड केली, ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. हा माणूस हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदातला, गिटार आणि सिंथेसायझर वाजवणारा. त्यानं रोलँड कंपनीची तीन यंत्रं घेतली. टीआर-८०८ हे ठेक्याचं यंत्र, टीबी-३०३ हे बेसचं आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. त्यावर भैरव, ललित, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग वाजवले, खाली अखंड डिस्को ठेका. रेकॉर्ड एचएमव्हीनं काढली. चालली नाही. पुढे १९८७ साली शिकागोत त्याच ३०३ यंत्रातून ‘अॅसिड हाउस’ नावाचा प्रकार निघाला आणि जगभर गेला. २०१० साली नेदरलँड्समधल्या एका छोट्या लेबलनं ही मुंबईची रेकॉर्ड पुन्हा छापली तेव्हा लोक चक्रावले, की हे पाच वर्षं आधी कुणी केलं? चरणजित सिंग यांना मात्र आपण काही नवा प्रकार शोधला असं वाटत नव्हतं. ते २०१५ साली गेले. मला त्यात आवडते ती एक गोष्ट : ३०३च्या बेसमध्ये स्वर घसरत घसरत दुसऱ्या स्वरावर जातो, आणि मींडेची सवय असलेल्या कानाला तो परका वाटत नाही.

गोव्याची गोष्ट तुम्हाला साधारण माहीत असते. हणजूण, हिप्पी, किनाऱ्यावरच्या रात्री. पण आजच्या विषयाला लागणारा एक तपशील सांगतो. तिथले डीजे, त्यात गोवा गिल हे सगळ्यात प्रसिद्ध नाव, तबकड्यांऐवजी डीएटी नावाच्या छोट्या डिजिटल कॅसेट वापरायचे. किनाऱ्यावरच्या उन्हात तबकड्या वाकायच्या. पण डीएटी यंत्रावर गाण्याची गती कमीजास्त करून दोन ठेके जुळवता येत नसत. म्हणून त्या गाण्यांच्या सुरुवातीला आणि शेवटी ठेका नसलेला, नुसता तरंगणारा भाग ठेवायची पद्धत पडली. तिथं एकातून दुसऱ्यात सरकायचं. म्हणजे संगीताचा आकार यंत्रानं ठरवला. आणि हो, त्या पार्ट्यांमध्ये गोव्यातले स्थानिक लोक कुठे होते? बऱ्याचशा बायका चटई अंथरून, कंदील लावून चहा आणि भजी विकत होत्या. संगीताला नाव गोव्याचं लागलं आणि वाजवणारे मुख्यतः बाहेरचे राहिले. याचा राग येण्यापेक्षा मला नवल जास्त वाटतं.

पुण्याचं सांगायचं तर २०१० मध्ये एनएच७ वीकेंडर इथंच सुरू झाला. २००७ साली गोव्यात कांदोळीला सुरू झालेला सनबर्न २०१६ मध्ये पुण्याजवळ केसनंदला आला, मग बावधनच्या बाजूला आणि काही वर्षांनी परत गोव्यात गेला. मी दोन्ही ठिकाणी केबल ओढायचं काम केलंय, त्यामुळे कौतुक आणि कंटाळा दोन्ही आहे. तिथली एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. डीजे येण्याआधी दिवसभर एक माणूस लॅपटॉप आणि मोजणीचा माइक घेऊन मैदानात फिरत असतो. कुठे बेस साचतोय, कुठे पोचत नाही, कुठला बॉक्स उशिरा बोलतोय, हे तपासतो. आमच्याकडच्या भिंतीला हा माणूस कधीच नसतो. ड्रायव्हर असतो.

आता आपली भिंत. पश्चिम महाराष्ट्रात तिला सरसकट ‘डॉल्बी’ म्हणतात. गंमत बघा, डॉल्बी कंपनीचा या बॉक्सशी काहीच संबंध नाही. ती कंपनी मुळात नावारूपाला आली ती टेपवरची खरखर कमी करणाऱ्या यंत्रणेमुळे. आवाज स्वच्छ करणाऱ्याचं नाव आपण कुठे लावलं!

या भिंतीवर काय वाजतं? आराधी गाण्यांचे, कोळीगीतांचे, भीमगीतांचे, सिनेमातल्या गाण्यांचे रिमिक्स. संबळ, हलगी, ताशा, बेंजो यांचे तुकडे तोडून, ठेक्यात बसवून, खाली इलेक्ट्रॉनिक किक. आणि हे करणारी पोरं कोण? दिवसा शिरवळच्या कंपनीत, रात्री लॅपटॉपवर. संगीताचा क्लास नाही, स्टुडिओ नाही, यूट्यूबवर शिकलेली. डेट्रॉइट आणि शिकागोच्या पोरांबद्दल पुस्तकांत जे लिहितात ते यापेक्षा फार वेगळं नाही. मुंबई-दिल्लीतल्या लोकांनी ही गंमत ओळखली ती न्यूक्लियाच्या ‘बास रानी’च्या वेळी, २०१५ साली, जेव्हा रस्त्यावरच्या मिरवणुकीचा आवाज तिकीट काढून ऐकायची सोय झाली. आमच्याकडे तो त्याआधीही फुकट होता, नको असला तरी.

आता मुख्य मुद्दा. हे रिमिक्स फाटतात का?

पहिलं कारण म्हणजे कच्चा माल. ‘सैराट’चं उदाहरण घ्या, २०१६ चं. त्या सिनेमातल्या संगीतासाठी अजय-अतुल यांनी वाद्यवृंद लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर रेकॉर्ड केला. एवढी काळजी. पण भिंतीवर पोचतो तो आवाज कसा पोचतो? कुणीतरी यूट्यूबवरून गाणं उतरवलं, म्हणजे एकदा दाबलेलं. त्याची एमपीथ्री केली, दुसऱ्यांदा. त्यावर रिमिक्स करून पुन्हा एमपीथ्री, तिसऱ्यांदा. मग ते पुन्हा यूट्यूबवर चढलं आणि दुसऱ्या डीजेनं तिथून उतरवलं. एमपीथ्री कानाला जे ऐकू येणार नाही असं त्या पद्धतीला वाटतं ते फेकून देते. एकदा फेकलं तर चालतं. चारदा फेकलं की झांज ‘छन्न’ऐवजी ‘शुर्र’ वाजते, पाण्यात बुडाल्यासारखी. फाइलच्या नावात ‘३२० केबीपीएस’ लिहिलेलं असतं, पण फुकटच्या कुठल्याही स्पेक्ट्रम ॲपमध्ये उघडून बघा. १६,००० हर्ट्‌झच्या आसपास रेघ मारल्यासारखं सगळं संपलेलं दिसलं तर समजायचं, १२८ ची फाइल ३२० च्या पोत्यात भरलीय.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं, आणि तिथं मी स्वतः गुन्हेगार आहे.

मास्टरिंग म्हणजे काय ते आधी सांगतो. गाणं रेकॉर्ड झालं, सगळी वाद्यं एकमेकांत मिसळून झाली, की शेवटचा हात फिरवायचा तो मास्टरिंगचा. बेस जास्त आहे का, आवाज बोचतोय का, फोनवर, गाडीत, मोठ्या बॉक्सवर सगळीकडे बरा वाजेल का, आणि किती मोठा ठेवायचा. यातल्या शेवटच्या प्रश्नानंच सगळा घोळ झालाय.

आमच्याकडे भाताची खाचरं आहेत. पूर्वी भात मापायचं ते पायलीनं, अधोलीनं. माप भरलं की वर जो ढीग राहतो ती शीग. शिगेसकट दिलं तर माप उदार, काठावरून हात फिरवून शीग मोडली तर काटेकोर. डिजिटल आवाजाचंही असंच एक माप आहे. त्याच्या काठाला शून्य डेसिबल म्हणतात. काठाच्या वर काहीच राहू शकत नाही. आवाजाचा ठोका, म्हणजे संबळावर काठी पडते तो पहिला क्षण, ही शीग. तो काही हजारांश सेकंद उंच जातो आणि लगेच खाली येतो. मागून रेंगाळतो तो नाद त्याच्यापेक्षा खूप खाली असतो.

आता तुम्हाला गाणं ‘मोठं’ करायचंय. काठ तर हलत नाही. मग काय करायचं? शीग मोडायची आणि खालचा ढीग वर ढकलायचा. हे काम करणाऱ्या यंत्राला लिमिटर म्हणतात. थोडी मोडली तर कानाला कळतही नाही, गाणं भरदार वाटतं. जास्त मोडली की ठोका आणि नाद सारख्याच उंचीचे होतात. त्याहून जास्त केलं की तरंगाचं डोकं सपाट छाटलं जातं, त्याला क्लिप होणं म्हणतात आणि आपण म्हणतो, आवाज फाटला. फाटलेल्या आवाजात मुळात नसलेले, वरचे, खरखरीत स्वर तयार होतात. म्हणून तो ‘मोठा’ वाटतो आणि म्हणूनच दहा मिनिटांत डोकं उठतं.

ही खोड फक्त आपली नाही. जगभर तिला लाउडनेस वॉर म्हणतात. २००८ साली मेटालिकाच्या ‘डेथ मॅग्नेटिक’ अल्बमची शीग एवढी मोडली होती, की चाहत्यांनीच बोंब मारली. कारण तीच गाणी ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममध्ये न दाबता गेली होती आणि तिथं ती चांगली वाजत होती. कोट्यवधींचा बँड आणि लोक म्हणतायत, गेममधला आवाज बरा!

माझी गोष्ट सांगतो. भोरकडचे एक गोंधळी बाबा आमच्या घरच्या लग्नात गोंधळाला आले होते. संबळ कसला बोलायचा त्यांचा! संबळाची दोन भांडी असतात, एक उंच बोलतं, एक खाली, आणि टोकाला वाकवलेल्या काठीनं वाजवतात. ती काठी पडली की आवाज खोलीच्या कोपऱ्यापर्यंत टिचकीसारखा जायचा. मी एक छोटा रेकॉर्डर लावला होता. गावातलाच एक पोरगा रिमिक्स करतो. तो मागे लागला, “दादा, हा संबळ मला द्या ना, आपण एक नंबर ट्रॅक करू.” केला. त्यानं ठेका बसवला, मी मास्टरिंग केलं. पहिल्यांदा नीट केलं होतं. त्यानं ऐकलं आणि म्हणाला, “दादा, क्वालिटी भारी आहे, पण वाजत नाही. बाकीच्यांच्या पुढं मऊ पडतोय.”

मला तेव्हा ‘नाही’ म्हणायला हवं होतं. मी लिमिटर चढवला. अजून चढवला. मोजमापाच्या पट्टीवर उणे पाचपर्यंत नेला. आणि जत्रेत, गुंजवण्यात नाही, खोऱ्यातल्याच दुसऱ्या गावी, तो ट्रॅक वाजला. पोरं नाचली. बाबा योगायोगानं तिथं होते. मी मोठ्या हौसेनं जवळ गेलो आणि सांगितलं, “बाबा, हा तुमचाच संबळ.” त्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, “नाय रं. पत्रा वाजवतंय कुणीतरी.” ते रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांना खरंच ओळखू आला नाही.

आता ते ‘उणे पाच’ काय ते सांगतो. आवाज किती मोठा ‘वाटतो’ हे मोजायला एक आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, तिचं एकक एलयूएफएस. शून्य म्हणजे काठ, जेवढं उणे जास्त तेवढा आवाज खाली. युरोपातल्या टीव्ही-रेडिओनं २०१० मध्ये उणे २३ हे प्रमाण ठरवलं. स्पॉटिफाय आणि यूट्यूब साधारण उणे १४ धरतात. ॲपल म्युझिक उणे १६. नाचायच्या इलेक्ट्रॉनिक गाण्यांचे मास्टर सर्रास उणे आठ किंवा त्याहून मोठे असतात. पण खरी गोम पुढे आहे. तुम्ही उणे पाचचं गाणं यूट्यूबवर चढवलंत की यूट्यूब ते वाजवताना नऊ डेसिबल खाली ओढतं. म्हणजे शीग मोडून जे कमावलं ते गेलं आणि मोडलेली शीग मात्र मोडलेलीच राहिली. शेजारी उणे चौदाचं, ठोका शाबूत असलेलं गाणं लावलं तर तेच जास्त जिवंत वाटतं. माझ्या त्या ट्रॅकवर हे स्वतः करून बघितलं. लाज वाटली.

मग डीजे पोरं असं का करतात? कारण भिंतीवर यूट्यूबचा नियम लागू नाही. पेनड्राइव्हवरचं गाणं जेवढं मोठं तेवढंच वाजतं आणि समोर दुसऱ्या मंडळाची भिंत असते. दोन भिंती समोरासमोर आल्या की ज्याचा आवाज मऊ पडला त्याची पुढच्या वर्षीची सुपारी गेली. त्यामुळे सगळा दोष पोरांच्या कानावर टाकू नका. तरीही तांत्रिक बाजूनं त्यांचं गणित चुकतं. गाणं आधीच क्लिप झालेलं, मिक्सरवर लाल दिवा लागेपर्यंत गेन, पुढे अँपही लाल. तीन ठिकाणी शीग मोडली. सपाट झालेल्या तरंगात ताकद सतत जात राहते, स्पीकरच्या कॉइलला थंड व्हायला उसंत मिळत नाही, आणि मिरवणूक अर्ध्यावर असताना टॉप जळतात. मग ऑपरेटर म्हणतो, माल डुप्लिकेट होता. असेलही. पण ठोका शाबूत ठेवलेलं गाणं घेतलं आणि आवाज अँपवर वाढवला तर तीच भिंत जास्त जोरात आणि स्वच्छ ‘बसते’. बेसचा धक्का छातीला जाणवतो तो ठोका आणि शांतता यांतल्या फरकामुळे. फरकच ठेवला नाही तर धक्का कुठून येणार?

अजून एक फसगत सांगतो, कारण ती रोज दिसते. बहुतेक भिंती मोनो वाजतात, म्हणजे डावं-उजवं एकत्र. हेडफोनवर रिमिक्स करणारी पोरं बेंजो, कोरस ‘रुंद’ करायला एक इफेक्ट लावतात. त्यात बऱ्याचदा एका बाजूचा तरंग उलटा केलेला असतो. हेडफोनवर मस्त, डोक्याभोवती फिरतं. मोनोत दोन्ही बाजू एकत्र आल्या की उलटा आणि सुलटा एकमेकांना खातात आणि बेंजो गायब. एकानं मला विचारलं होतं, “दादा, माझं बेंजो टेम्पोवर का येत नाही?” टेम्पोवर आलं होतं रे, येऊन मेलं. उपाय एकच. गाणं बाहेर देण्याआधी एकदा मोनो बटण दाबून ऐकायचं, आणि बेस तर नेहमी मधोमधच ठेवायचा.

आणि रात्री आई झोपली म्हणून हळू आवाजात बेस ठरवू नका. हळू आवाजात आपल्या कानाला बेस कमी ऐकू येतो, हे १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी मोजून ठेवलंय. हळू ऐकताना बेस पुरेसा वाटेपर्यंत वाढवला तर तो भिंतीवर चिखल होतो. ‘डीजे अमुक इन द मिक्स’ ही आरोळीसुद्धा दर तीस सेकंदांनी आणि गाण्यापेक्षा दुप्पट मोठी नसली तरी चालते. तेवढं ऐका माझं.

कायद्याचं थोडक्यात. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. राहत्या भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकर बंद, वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. ५५ डेसिबल म्हणजे साधारण बोलण्याएवढा आवाज, हे सांगितलं की पोरं हसतात. मी पण त्यांना आकडा सांगून कायदा पटवायला जात नाही. कान पटवतो. ८५ डेसिबल आठ तास चालतं असं तज्ज्ञ धरतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. भिंतीसमोर त्याहून जास्तच असतं आणि भिंतीला चिकटून उभा असतो तो ऑपरेटर, वयानं विशी-पंचविशीचा. कानात जे बारीक केस असतात ते गेले की परत उगवत नाहीत. पहिल्यांदा जातो तो वरचा आवाज. मग त्याला टॉप कमी वाटतात, तो टॉप वाढवतो. मास्टरिंग बिघडण्याचं हेही एक कारण आहे, आणि याला कुठलंही सॉफ्टवेअर चालत नाही.

परत बाबांकडे येतो. गेल्या पावसाळ्याआधी त्यांच्या मुलाचा फोन आला. बाबांचा हात आता थरथरतो, वाजवणं थांबलंय. “तुमच्याकडं लग्नातलं रेकॉर्डिंग होतं ना, ते द्या. नातवाला शिकायला पाहिजे.” मी शोधायला लागलो. मूळ फाइल रेकॉर्डरच्या कार्डावर होती आणि ते कार्ड मी नंतर कितीदा तरी पुसून वापरलं होतं. रिमिक्सच्या प्रोजेक्टमध्ये संबळाचे चार-चार सेकंदांचे तुकडे होते. पूर्ण वाजवलेला हात एकाच जागी उरला होता, तो म्हणजे त्या पोरासाठी आधीच ‘मोठा’ करून काढलेली फाइल. माझ्याच हातानं शीग मोडलेली.

क्लिप झालेला आवाज दुरुस्त करणारी सॉफ्टवेअर आहेत. आयझोटोप आरएक्समध्ये डी-क्लिप म्हणून सोय आहे. ती काय करते? छाटलेल्या डोक्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा चढउतार बघून मधली शीग किती उंच असेल याचा अंदाज बांधते. अंदाज बरा असतो, पण तो अंदाजच. संबळाचा ठोका प्रत्येक वेळी वेगळा पडतो, काठी कधी मध्यावर, कधी काठाकडे. सगळे ठोके सारखे उंच करून मिळाले. शिकणाऱ्या पोराला त्यातून हाताचा जोर कुठे कमी, कुठे जास्त हे कळणार नाही, आणि शिकायचं तर नेमकं तेच असतं.

शेवटी लग्नाचा व्हिडिओ काढणाऱ्याला गाठलं. त्याच्याकडे जुन्या हार्ड डिस्कवर कॅमेऱ्याच्या मूळ फाइली होत्या. कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक, कोपऱ्यातून धरलेला. मध्ये भांड्यांचा आवाज, लेकरू रडतंय, आत्या कुणाला तरी हळद कुठं ठेवली विचारतेय. पण आवाज खूप खाली रेकॉर्ड झाला होता, काठाला कुठेच टेकला नव्हता. ठोका न् ठोका शाबूत. वीस मिनिटांचा सलग हात. मी फक्त घरघर थोडी कमी केली, बाकी कशाला हात लावला नाही. डब्ल्यूएव्ही फाइल काढली, व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवली, म्हणजे वाटेत पुन्हा दाबली जात नाही. शिवाय एक पेनड्राइव्ह भोरला जाऊन हातात दिला.

दोन दिवसांनी त्यांच्या सुनेचा फोन आला. म्हणाल्या, “भाऊ, मिळालं. बाबा ऐकत बसलेत. पण आवाज लई बारीक आहे हो, जरा मोठा करून देता का?”

मी म्हटलं, “ताई, मोबाइलचं बटण वर करा.”